परसातून गच्चीवर : पुण्यातील घरगुती वांग्याची पार्श्वभूमी

पुण्यातील गच्च्यांवर आणि बाल्कन्यांमध्ये अलीकडे वांग्याची रोपे सर्रास दिसू लागली असली, तरी या झाडाचा शहरातल्या घरांशी असलेला संबंध नवा नाही. तो मध्यंतरी तुटला होता आणि पुन्हा जुळला, असे म्हणणे अधिक योग्य होईल. तो का तुटला आणि कशाने जुळला, हे समजून घ्यायचे तर हवामान किंवा वाण यांच्या आधी घरातले सांडपाणी आणि खरकटे कुठे जात होते, हे पाहावे लागते.

वांगे मूळचे आपल्याकडचेच. मिरची, टोमॅटो आणि बटाटा ही त्याच्याच कुळातली भावंडे पोर्तुगीजांच्या काळानंतर अमेरिकेतून आली. भरल्या वांग्यात आपण ज्या दाण्याच्या कुटाचा आग्रह धरतो, तो भुईमूगही तिकडचाच. वांगे मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून येथे होते. हरियाणातील फरमाणा या हडप्पाकालीन स्थळाच्या उत्खननात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचा प्रमुख वाटा होता, आणि तेथील भांड्यांवर व मानवी दातांवर सापडलेल्या पिष्टकणांच्या (स्टार्चच्या सूक्ष्म कणांच्या) तपासणीत आले आणि हळद यांच्याबरोबर वांग्याच्याही खुणा आढळल्या. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वीही ते चुलीवर चढत होते. संस्कृतात त्याला वार्ताक, वृंताक, भंटाकी अशी नावे आहेत. भारतातले नाव फारसीत बादिंगान, अरबीत बादिंजान आणि पोर्तुगीजात बेरिंजेला होत गेले, आणि तेच पुढे ‘ब्रिंजल’ बनून इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे परत आले. इतका लांबचा फेरा मारून माहेरी आलेला शब्द भाजीच्या यादीत दुसरा सापडणे अवघड आहे.

पेशवाईतील पुण्यात बाळाजी बाजीरावाच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळांतून शहरातील हौदांपर्यंत आणले गेले. मोठ्या वाड्यांना स्वतःचे हौद मिळाले आणि बाकीच्यांना आड व सार्वजनिक हौद होतेच. वाड्याच्या मागे परस असे, आणि मोरीचे पाणी त्या परसात सोडलेले असे. पाणी पहिल्यांदा पडे तिथे, कायम चिखल असलेल्या जागी, अळू आणि केळ. त्यापलीकडे, ओल पोचते पण पाणी साचत नाही अशा उंचवट्यावर, वांगी आणि मिरच्या. ही मांडणी कोणी आखून दिलेली नव्हती. वांग्याच्या मुळांशी पाणी साचले की झाड मर लागून उभ्या उभ्या वाळते, हे एकदा पाहिलेल्या बाईने दुसऱ्या वर्षी जागा बदलली असणार, इतकेच. चुलीची राख आणि शेण तिथेच पडे. एक फळ झाडावरच पूर्ण पिवळे होऊ देऊन, त्याचे बी धुऊन, राखेत घोळून गाडग्यात ठेवले की पुढच्या आषाढाची सोय होत असे.

आषाढाचा उल्लेख आला, म्हणून चातुर्मासाचेही सांगायला हवे. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांद्या-वांग्यांवर ताव मारायचा आणि मग ती वर्ज्य करायची, ती थेट मार्गशीर्षातील चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचे भरीत आणि रोडगे यांचा नैवेद्य दाखवीपर्यंत, अशी रीत अनेक घरांत आजही आहे. जेजुरी जवळ असल्याने पुण्यात ती अधिकच ठसठशीत दिसते. पावसाळ्यात वांगी किडतात म्हणून हा निषेध, असे कारण नेहमी सांगितले जाते; ते मला मागाहून चिकटवलेले वाटते. एवढे मात्र खरे, की जूनमध्ये बी टाकून जुलैत लावलेले रोप कार्तिक-मार्गशीर्षात भर बहरात असते, त्यामुळे परसातल्या वेळापत्रकाला हे व्रत फारसे जड जात नसावे. ज्यांना ते जड गेले, त्यांच्यासाठी ‘पुराणातली वांगी पुराणात’ ही म्हण आहेच.

हे परस मोडले ते एका फटक्यात नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खडकवासल्याचे धरण झाले, मुठेचा उजवा कालवा हडपसरच्या बाजूने पूर्वेकडे गेला आणि त्या पट्ट्यात बागायती भाजीपाला वाढला. मांजरी गोटा हा जांभळट, पांढऱ्या रेघांचा, गोल आणि देठाला काटे असलेला प्रसिद्ध वाण याच भागातल्या मांजरीचे नाव मिरवतो. १८८६ मध्ये मंडईची इमारत उभी राहिली. ताजे वांगे रोज मंडईत मिळू लागल्यावर ते घरी लावण्याची निकड कमी झाली. पुढे भुयारी गटारे आली आणि मोरीचे पाणी परसात न जाता नळातून नाहीसे झाले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतील असंख्य वाडे कोसळले. नंतरच्या दशकांत उरलेल्या वाड्यांच्या जागीही इमारती उभ्या राहिल्या आणि परसाच्या जागेवर वाहने लावली जाऊ लागली.

वांगे परत आले ते कचऱ्याच्या निमित्ताने. शहराचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी येथे टाकला जात होता, आणि त्याविरुद्ध तेथील गावकऱ्यांची आंदोलने होत गेली, तसतसा ओला कचरा घरीच जिरवण्याचा आग्रह वाढला. गांडूळखत प्रकल्प करणाऱ्यांना महापालिकेने मिळकतकरात सवलत दिली. प्रयोगशील शेतीचे प्रवर्तक श्रीपाद दाभोलकर यांनी पालापाचोळ्यापासून माती तयार करण्यावर दिलेला भर तोवर अनेक शहरी बागप्रेमींपर्यंत पोचलेला होता, आणि रसवंतीवरून आणलेली उसाची चिपाडे, वाळकी पाने व स्वयंपाकघरातला ओला कचरा यांनी भरलेल्या पिंपात वांगे उत्तम येते, हे लोकांनी करून पाहिले. घरातल्या टाकाऊवर वाढणारे हे झाड पुन्हा घराच्याच टाकाऊपाशी येऊन उभे राहिले, फक्त चार मजले वर.

उंचीने काही गोष्टी बदलल्या. वांग्याच्या फुलातील परागकोश टोकाच्या छिद्रांतून पराग सोडतात, आणि ते बाहेर पडायला भुंग्यासारख्या माश्यांची गुणगुण किंवा वारा लागतो. भिंतींनी वेढलेल्या गच्चीवर त्यासाठी सकाळी फुलाच्या देठाला हलकी टिचकी मारावी लागते. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी मात्र चौथ्या मजल्यावरही पोचते. कोवळा शेंडा दुपारी मान टाकतो आणि संध्याकाळी पाणी घालूनही सावरत नाही, तेव्हा तो खाली बोटभर मोडून उभा चिरला की आत गुलाबीसर अळी दिसते. याच अळीला तोंड देण्यासाठी बीटी वांगे, म्हणजे जनुकबदल केलेले वांगे, तयार झाले होते; ऑक्टोबर २००९ मध्ये त्याला तांत्रिक समितीची मान्यता मिळाली आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. चार कुंड्यांच्या बागेत मोडलेले शेंडे गोळा करून नष्ट करणे पुरते. शेतकऱ्याला ते पुरत नाही, आणि हा फरक गच्चीवरून सल्ले देणाऱ्यांनी लक्षात ठेवलेला बरा.

खरा खंड पडला आहे तो बियाण्यात. गाडग्याची जागा संकरित बियाण्याच्या पाकिटाने घेतली, आणि त्या झाडाच्या फळातले बी पुन्हा पेरले तर मूळ फळ तसेच्या तसे येईलच असे नाही. मी हा उद्योग एकदा केला. एकाच फळातल्या बियांची चार रोपे जगली. दोघांना रेघांची जांभळी, एकाला हिरवट आणि एकाला लांबोळकी फळे आली. चंपाषष्ठीला भरीत मात्र चारींचे मिळून केले.