मास्टर लिस्टचा अर्ज अडतो कुठे?

संक्रमण शिबिरातली माणसं फाइल उघडतात तेव्हा सगळ्यात वर आधार कार्ड, खाली शिबिराचं वीजबिल, त्याखाली रेशनकार्ड. फाइल जाडजूड, पण कामाचा कागद एकही नाही. प्रश्न असतो तो पडलेल्या इमारतीचा. तिच्यात तुमची खोली होती हे कशावरून?

आधी अर्ज कुणी करायचा ते बघू. मुंबई शहरातली 30 सप्टेंबर 1969 पूर्वीची उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर, सेस भरणारी) इमारत कोसळली किंवा धोकादायक म्हणून पाडली, म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाने तुम्हाला शिबिरात हलवलं, आणि तो भूखंड रस्तारुंदीत गेला, आरक्षणात अडकला किंवा इतका चिंचोळा निघाला की तिथे पुन्हा बांधकामच होणार नाही. अशांसाठी बृहतसूची, म्हणजे आपली मास्टर लिस्ट. पुनर्विकासातून विकासकांनी मंडळाच्या ताब्यात दिलेल्या जादा सदनिकांतून इथे कायमचं घर मिळतं. मूळ जागेवर योजना मंजूर असेल तर तुमचं घर तिकडे. मास्टर लिस्टवर हक्क नाही. म्हणून अर्जाआधी जुन्या भूखंडाचा सी.एस. नंबर (भूमापन क्रमांक) शोधा आणि तिथे योजना आली आहे का ते विचारून घ्या. कधी कधी शेजारच्या दोन चाळी मिळून योजना आलेली असते आणि तीस वर्षं शिबिरात राहिलेल्याला त्याचा पत्ताच नसतो.

खोली रिकामी करण्याची नोटीस आणि शिबिरातल्या गाळ्याचं वितरणपत्र बहुतेकांकडे सापडतं. सापडत नाही ती भाडेपावती. पागडीच्या खोलीत मालक पावती द्यायला टाळाटाळ करायचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 31 प्रमाणे ती देणं बंधनकारक आहे, पण मालकाशी भांडणार कोण? मालकाने परत पाठवलेल्या मनीऑर्डरची कुपनं किंवा लघुवाद न्यायालयात भाडं भरल्याच्या पावत्या असतील तर त्या जपा, त्यांना वजन आहे. काहीच नसेल तर महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातल्या करनिर्धारण खात्यातून इमारतीचा इन्स्पेक्शन एक्स्ट्रॅक्ट काढा. त्यात मजल्यावार भाडेकरूंची नावं असतात. जुन्या मतदार यादीचा प्रमाणित उतारा त्याच्या जोडीला लावा. खोली खाली करताना मंडळाने भाडेकरूंची जी यादी केली, तिची प्रत माहिती अधिकारात मागा. अर्जाला 10 रुपये, मुदत 30 दिवस. ज्यांच्या कपाटात ती यादी आहे त्यांनीच ती तुमच्याकडे मागायची, हा न्याय अजब आहे खरा. पण वाद घालण्यात दिवस घालवू नका.

आता बारीक खोच. एका आजींच्या पावतीवर ‘खोली 14, दुसरा माळा’, नोटिशीवर ‘14, तिसरा मजला’. मालक तळमजला धरत नव्हता, नोटीस लिहिणाऱ्याने धरला. एवढ्यावर फाइल परत आली. पावतीवर ‘दत्तू’, मृत्यू दाखल्यावर ‘दत्ताराम’, हेही रोजचंच. वारलेल्या माणसाचं नाव राजपत्रात बदलता येत नाही, तेव्हा तिथे खेटे घालू नका. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करा आणि दोन्ही नावं आहेत असा एखादा जुना कागद जोडा.

मूळ भाडेकरू हयात नसेल तर वारसाचा कागद लागतो, आणि लोक हमखास चुकीचा आणतात. उत्तराधिकार प्रमाणपत्र हे बँकेतल्या ठेवी, रोखे, येणी यांच्यापुरतं. तुम्हाला हवा तो न्यायालयाचा वारस दाखला, 1827 च्या रेग्युलेशन 8 खालचा. त्याला महिने लागतात, म्हणून अर्ज मागवल्याची जाहिरात यायची वाट न पाहता आजच वकिलाला भेटा. बहिणींची ना-हरकत प्रतिज्ञापत्रंही आधीच घेऊन ठेवा. लग्न होऊन गेली म्हणजे तिचा संबंध संपला, असं समजणाऱ्या भावांच्या फायली मी अडलेल्या पाहिल्या आहेत.

13 जून 1996 या तारखेने बरेच जण घाबरतात. ती विकास नियंत्रण नियमावलीतल्या 33(7) या नियमाखालच्या, म्हणजे उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासातली, म्हणजे मूळ जागी परतणाऱ्यांसाठी आहे, आणि तिचा अर्थ त्या तारखेनंतर नव्याने निर्माण केलेली भाडेदारी धरणार नाहीत, एवढाच. एका खोलीच्या मागाहून दोन पावत्या केल्या असतील तर घर एकच. वडिलांची जुनी खोली 2005 मध्ये तुमच्या नावावर झाली, तर ती नवी भाडेदारी होत नाही.

शिबिराचं भाडं थकलं असेल तर भरून टाका. फोटो, ओळखपत्र, बँक तपशील हे नेहमीचंच.

शिबिरातला गाळा मुखत्यारपत्रावर कुणाला देऊ नका, घेऊही नका. वर्गवारीत मूळ रहिवासी ‘अ’, असा व्यवहार करून आलेला ‘ब’, घुसखोर ‘क’. घेणारा ‘ब’मध्ये जातो आणि देणाऱ्याचाही दावा बिघडतो. ‘आत ओळख आहे’ म्हणणाऱ्याला मूळ पावत्या तर मुळीच देऊ नका. म्हाडाने कुणी एजंट नेमलेला नाही. टेबलावर झेरॉक्स द्या, मूळ कागद फक्त पडताळणीपुरता दाखवा, आणि तारीख-शिक्का असलेली पोच हातात पडल्याशिवाय जिना उतरू नका.