सिम्युलेटरचा योक घेण्यापूर्वी आणि त्यात तेल सोडण्यापूर्वी

एक योक (संगणकावर विमान चालवण्याच्या सिम्युलेटरचे, दांड्यावर बसवलेले सुकाणू) दुसऱ्याच्या कितीतरी पट महाग का, आणि घरचा योक मध्यभागी अडखळतो त्याचे काय करावे, हे दोन प्रश्न आमच्याकडे सतत विचारले जातात. दोन्हींचे उत्तर दांडा आणि सेन्सर यांतच असल्याने ते येथे एकत्र देत आहोत.

स्वस्त योकमध्ये दांडा बहुधा प्लॅस्टिकच्या बुशातून (दांड्याला आधार देणाऱ्या नळीतून) सरकतो, त्यामुळे विमान उतरवताना नाक अगदी किंचित उचलायचे असते नेमके तेव्हाच तो आधी अडतो आणि मग झटक्याने सरकतो. हालचाल मोजणाऱ्या पोटेन्शिओमीटरमध्ये कार्बनच्या पट्टीवर एक पाते घासत असते. पट्टी झिजली किंवा तिच्यावर धूळ बसली की पडद्यावरचे विमान आपोआप थरथरू लागते. हॉल सेन्सर चुंबकीय क्षेत्रातील बदल मोजतो, त्यात काहीच घासत नाही. मात्र खोक्यावर ‘हॉल सेन्सर’ लिहिले म्हणजे तो प्रत्येक अक्षाला, म्हणजे हालचालीच्या प्रत्येक दिशेला, असतोच असे नाही, थ्रस्टमास्टरच्या टी.१६०००एम जॉयस्टिकमध्ये तो दोन मुख्य अक्षांना आहे, मूठ पिळण्याच्या अक्षाला नाही. नुसत्या वजनावरूनही दर्जा ठरवू नये, कारण तळाशी लोखंडी पट्टी बसवली तरी वजन वाढते. उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्या ग्राहकांना हे सांगावे लागत नाही. ते आधी दांडा हलवून त्यात प्ले, म्हणजे सैलपणा, किती आहे ते पाहतात.

आमचा सर्वाधिक वेळ जातो तो तेलामुळे. दांडा अडखळू लागला की अनेक जण शिलाई मशीनचे तेल किंवा गंज सोडवणारा स्प्रे आत मारतात. काही दिवस योक सुरेख चालतो, म्हणून उपाय योग्यच वाटतो. प्रत्यक्षात मूळचे ग्रीस पातळ होऊन पसरते, त्यात धूळ कालवली जाते आणि तो लेप कार्बनच्या पट्टीपर्यंत पोहोचतो. काही स्प्रेंनी तर प्लॅस्टिकलाच तडे जातात. असा योक पूर्ण उघडून, धुऊन, प्लॅस्टिकला चालणारे सिलिकॉन ग्रीस लावावे लागते आणि पुष्कळदा पोटेन्शिओमीटरही बदलावा लागतो. तेल घातलेल्या योकची दुरुस्ती आम्ही वॉरंटीत करत नाही, याबद्दल काही ग्राहक नाराज होतात. परंतु हा बिघाड कारखान्यातून आलेला नसतो, आणि साफसफाईला नव्या जोडणीपेक्षा अधिक वेळ लागतो.

त्याऐवजी दांडा कोरड्या सुती कापडाने पुसावा, योक हबऐवजी थेट संगणकाच्या यूएसबीला जोडावा, कॅलिब्रेशन (योकचा मध्य आणि टोके संगणकाला ओळखवून देणे) पुन्हा करावे आणि डेड झोन (मध्याभोवतीचा, हालचाल मोजली न जाणारा भाग) थोडासाच ठेवावा. डेड झोन फार वाढवल्यास थरथर झाकली जाते, पण सूक्ष्म नियंत्रणही हातचे जाते.

एवढे करूनही अडखळणे राहिल्यास योक आमच्याकडे आणावा. झिजलेल्या बुशाच्या जागी नवा बुश बसवून भागत असेल, तर आम्ही नवा योक घेण्यास सुचवत नाही. बदलायचाच झाल्यास पोलादी दांड्याचा आणि हॉल सेन्सरचा योक दुकानात जोडून ठेवलेला आहे. तो स्वतः चालवून पाहावा आणि मगच ठरवावे. दुरुस्तीसाठी येताना केबल आणि टेबलाला लावायचे क्लॅम्प सोबत आणावेत, कारण योक घट्ट बसवल्याशिवाय तपासणी होऊ शकत नाही.