फसलेली निवड आणि मोडलेली कारकीर्द

२४ सप्टेंबर २०२२. मेलबर्नचं एमसीजी, ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलची ग्रँड फायनल, जिलाँग विरुद्ध सिडनी. जिलाँगचा कर्णधार जोएल सेलवूड. सिडनीकडून लान्स फ्रँकलिन आणि पॅडी मॅकार्टिन. तिघेही अठराच्या आसपास असताना ड्राफ्टमधून आलेले. सेलवूड २००६ साली सातव्या क्रमांकावर, फ्रँकलिन २००४ साली पाचव्या, आणि मॅकार्टिन २०१४ साली थेट पहिल्या.

सेलवूड आणि फ्रँकलिन यांची गणना आज या खेळातल्या थोरांमध्ये होते. मॅकार्टिनचं नाव मात्र ‘फसलेले पहिले पिक’ (पिक म्हणजे ड्राफ्टमधली निवड) अशा याद्यांमध्ये येतं, आणि ते वाचलं की मला दरवेळी वाईट वाटतं. या याद्या दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतात. एक असते फसलेली निवड, दुसरी असते मोडलेली कारकीर्द. आकड्यांत दोन्ही सारख्या दिसतात, कारण दोन्हीकडे सामने थोडे आणि अपेक्षा मोठ्या असतात. पण एकीत चूक निवडणाऱ्याची असते आणि दुसरीत चूक कुणाचीच नसते.

आधी ड्राफ्ट म्हणजे काय ते सांगतो. आपल्याला आयपीएल आणि प्रो कबड्डीचा लिलाव ओळखीचा आहे. तिथे बोली लागते. ड्राफ्टमध्ये बोली नाही, पाळी असते. हंगामात तळाला राहिलेल्या क्लबला पहिली पाळी, विजेत्याला सगळ्यात शेवटची. दुबळ्या क्लबांना वर यायची संधी मिळावी म्हणून १९८६ पासून ही पद्धत सुरू आहे. निवडली जाणारी बहुतेक मुलं शाळा नुकतीच संपलेली किंवा संपत आलेली असतात. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात असं आपण म्हणतो. क्लबांना ते पाय बघून पुढच्या दहा-बारा वर्षांचा पैज लावल्यासारखा निर्णय घ्यावा लागतो, तोही वरच्या पातळीवर एकही सामना न खेळलेल्या मुलाबद्दल.

रिचमंड क्लबच्या जुन्या दोन निवडी शेजारी ठेवल्या की फरक लगेच कळतो. १९८७ च्या ड्राफ्टमध्ये त्यांनी पहिल्या क्रमांकावर दक्षिण ऑस्ट्रेलियाचा रिचर्ड लाउंडर घेतला. तो ४ सामने खेळला आणि तिथेच थांबला. १९८९ मध्ये पहिली पाळी पुन्हा रिचमंडची आली, त्यांनी अँथनी बॅनिकला घेतलं. तो ४९ सामने खेळला. बॅनिक खेळू शकत होता यात कुणाला शंका नव्हती. पण त्याला दीर्घकालीन थकव्याचा आजार जडला आणि शरीराने साथ सोडली. लाउंडरच्या बाबतीत प्रश्न निवडणाऱ्यांना विचारावा लागतो. बॅनिकच्या बाबतीत विचारायला समोर कुणीच नाही.

मी स्वतः एकच कसोटी लावतो: अंगाने धड असताना हा मुलगा त्या पातळीवर खेळू शकत होता का? उत्तर ‘नाही’ असेल तर निवड फसली. ‘हो’ असेल तर खापर निवडणाऱ्यावर फोडू नये, मग सामन्यांचा आकडा कितीही लहान असो.

मॅकार्टिनला ही कसोटी लावून बघा. २०१४ मध्ये सेंट किल्डा तळाला होता. त्यांचा थोर फॉरवर्ड निक रीवोल्ट, जो स्वतः २००० सालचा पहिला पिक, उतरणीला लागला होता. त्याच्यामागे गोल करायला उंच, बळकट कुणीतरी हवं होतं आणि जिलाँग शहरातला मॅकार्टिन तसाच होता. त्याला लहानपणापासून टाइप १ मधुमेह होता, पण ते सगळ्यांना माहीत होतं आणि तो ते सांभाळून खेळत होता. त्याच्यामागोमाग दुसऱ्या क्रमांकावर मेलबर्न क्लबने क्रिश्चन पेट्राका घेतला. २०२१ मध्ये मेलबर्नने ५७ वर्षांनी प्रीमियरशिप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकली तेव्हा ग्रँड फायनलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ पदक पेट्राकाला मिळालं. मग काय, सगळे म्हणू लागले की सेंट किल्डाचं चुकलं.

चुकलं का? मॅकार्टिनला सेंट किल्डात पाच हंगामांत आठ वेळा कन्कशन झालं. डोक्याला मार बसून मेंदू हादरतो, काही काळ प्रकाश सहन होत नाही, आठवण आणि मनाचा तोल बिघडतो. हे आठ वेळा. त्या क्लबसाठी तो ३५ सामने खेळला, मग खेळापासून दूरच गेला. परत आला तो सिडनीच्या राखीव संघातून, तेही फॉरवर्ड म्हणून नाही, बचावात. २०२२ चा हंगाम त्याने असा काढला की संघ ग्रँड फायनलला पोचला, आणि त्या दिवशी त्याचा धाकटा भाऊ टॉम त्याच्याबरोबर त्याच बचावफळीत होता. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये पुन्हा डोक्याला मार बसला आणि त्याला निवृत्ती घ्यावी लागली. जो माणूस इतक्या आघातांनंतर नवी जागा शिकून ग्रँड फायनल खेळतो, त्याच्यात खेळ नव्हता असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

त्याच ड्राफ्टमधला तिसरा क्रमांकही बघायला हवा, कारण याद्या करणारे तिथे कधीच थांबत नाहीत. मेलबर्नचाच अँगस ब्रेशॉ. पेट्राकाबरोबर त्यानेही २०२१ ची प्रीमियरशिप जिंकली, म्हणून त्याला कुणी फसलेला म्हणत नाही. पण २०२४ च्या सुरुवातीला तोही कन्कशनमुळेच निवृत्त झाला. म्हणजे एकाच वर्षी निवडलेल्या पहिल्या तिघांपैकी दोघांची कारकीर्द एकाच कारणाने संपली. आघात आधी आला की नंतर, एवढ्या फरकाने एक अपयशी ठरतो आणि दुसरा विजेता.

आता खरीखुरी फसलेली निवड बघायची तर २००६ चा ड्राफ्ट उघडावा. दोन्ही प्रकार तिथे हाताच्या अंतरावर आहेत. दुसऱ्या क्रमांकावर एसेंडनने उंच फॉरवर्ड स्कॉट गंबलटन घेतला. दुखापतींनी त्याला कधी सलग उभंच राहू दिलं नाही आणि एसेंडनसाठी तो ३५ सामने खेळला. ही मोडलेली कारकीर्द. सहाव्या क्रमांकावर हॉथॉर्नने टास्मानियाचा मिच थॉर्प घेतला. तो २ सामने खेळला. आणि लगेच सातव्या क्रमांकावर जिलाँगने सेलवूडला उचललं.

सेलवूड सातव्यापर्यंत खाली का आला? त्या वर्षी त्याचा गुडघा दुखावला होता, आणि पहिल्या सहा पाळ्यांत कुणी त्याला हात लावला नाही. ज्याच्या शरीराची धास्ती घेतली तो ३५५ सामने खेळला, पहिल्याच वर्षी, २००७ मध्ये, प्रीमियरशिप जिंकला आणि एकूण चार वेळा जिंकला. वरच्या एमसीजीच्या प्रसंगात मैदानावर होता तो त्याचा शेवटचा सामना. शरीराबद्दलचा अंदाज किती आंधळा असतो हे यातून दिसतं. म्हणूनच गंबलटनच्या दुखापतींसाठी एसेंडनला बोल लावणं मला पटत नाही. थॉर्पची गोष्ट वेगळी. तिथे हॉथॉर्नने खेळ जोखायला चूक केली. गंमत अशी की दोनच वर्षं आधी याच क्लबने पाचव्या क्रमांकावर फ्रँकलिनला अचूक हेरलं होतं, आणि थॉर्प फसूनही २००८ ची ग्रँड फायनल त्यांनी जिलाँगलाच हरवून जिंकली.

फ्रँकलिनचं नाव निघालं की रिचर्ड टॅम्बलिंगबद्दल बोलायलाच हवं. २००४ मध्ये रिचमंडने चौथ्या क्रमांकावर टॅम्बलिंगला घेतलं आणि पाचवा फ्रँकलिन हॉथॉर्नला मिळाला, ज्याने पुढे १०६६ गोल केले. टॅम्बलिंग रिचमंडसाठी १०८ आणि नंतर अॅडलेडसाठी १६ असे १२४ सामने खेळला. ही ना फसलेली निवड, ना मोडलेली कारकीर्द. एका चांगल्या खेळाडूच्या शेजारी एक असामान्य खेळाडू उभा राहिला, एवढंच. पण त्या शेजारामुळे या माणसाला वर्षानुवर्षं टोमणे ऐकावे लागले. रिचमंडने संधी गमावली हे खरं. ती गमावण्याची जबाबदारी टॅम्बलिंगची नव्हती.

मेलबर्न क्लबकडे २००९ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या दोन्ही पाळ्या होत्या. त्यांनी टॉम स्कली आणि जॅक ट्रेंगोव्ह घेतले. तिसऱ्या पाळीला रिचमंडने डस्टिन मार्टिन घेतला. मार्टिनने तीन प्रीमियरशिप जिंकल्या आणि तिन्ही फायनलमध्ये नॉर्म स्मिथ पदक मिळवलं, जे त्याआधी कुणालाच जमलं नव्हतं. स्कली दोन हंगामांनी नव्या जीडब्ल्यूएस (ग्रेटर वेस्टर्न सिडनी) क्लबकडे निघून गेला. त्याची पुढची कारकीर्द वाईट नव्हती, फक्त ती मेलबर्नच्या कामी आली नाही. ट्रेंगोव्हच्या खांद्यावर तर क्लबने विसाव्या वर्षीच कर्णधारपदाचा अर्धा भार टाकला. नंतर पायातलं एक छोटं हाड मोडलं आणि तो सगळा मिळून ८९ सामने खेळू शकला.

इथे माझी कसोटी अपुरी पडते, हे मला मान्य करावं लागतं. मुलगा चांगला होता, शरीरही बराच काळ ठीक होतं, तरी घडलं नाही, असंही होतं. मुलाला क्लब काय देतो हा प्रश्न उरतो, आणि आकड्यांच्या याद्यांमध्ये त्याला जागाच नसते.

टॉम बॉइड हा उलटा नमुना. २०१३ मध्ये जीडब्ल्यूएसने त्याला पहिला घेतला. एका वर्षात तो वेस्टर्न बुलडॉग्जकडे गेला. बदल्यात बुलडॉग्जने त्यांचा कर्णधार रायन ग्रिफेन आणि सहावी पाळी दिली. वर्तमानपत्रांत सात वर्षांच्या ७० लाख डॉलरच्या कराराची चर्चा होती, आणि तो आकडा प्रत्येक सामन्यात त्याच्या पाठीवर बसलेला असे. १ ऑक्टोबर २०१६ च्या ग्रँड फायनलमध्ये त्याने तीन गोल केले. त्यातला शेवटचा लांबून मारलेला, चेंडू टप्पे घेत खांबांमधून गेला आणि बुलडॉग्जची १९५४ नंतरची पहिली प्रीमियरशिप पक्की झाली. २०१९ मध्ये, २३ व्या वर्षी, मानसिक आरोग्य आणि पाठीच्या दुखण्यामुळे त्याने उरलेला करार सोडून निवृत्ती घेतली. एकूण ६१ सामने. फक्त आकडा बघणाऱ्याला ही फसलेली निवड वाटेल. बुलडॉग्जच्या कुठल्याही म्हाताऱ्या समर्थकाला विचारा, तो काय म्हणेल ते मी सांगायला नको.

आणि जॅक वॉट्स. याद्यांमध्ये सगळ्यात वर असणारं नाव. २००८ चा पहिला पिक, मेलबर्नचाच. दुसऱ्या क्रमांकावर वेस्ट कोस्टने निक नैतानुई घेतला, जो तीन वेळा ऑल-ऑस्ट्रेलियन संघात, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात, निवडला गेला. वॉट्स ८ जून २००९ ला, क्वीन्स बर्थडेच्या सुट्टीच्या सामन्यात कॉलिंगवुडविरुद्ध पहिल्यांदा उतरला तेव्हा बारावीत शिकत होता. चेंडू हातात येताच कॉलिंगवुडचे तीन गडी त्याच्या अंगावर आले. ते दृश्य वर्षानुवर्षं दाखवलं गेलं, जणू त्या कोवळ्या मुलाचाच दोष. पुढची वर्षं मेलबर्नच्या इतिहासातली सर्वात काळी. २०११ मध्ये जिलाँगकडून १८६ गुणांनी हार, मग प्रशिक्षकाची हकालपट्टी, मग आणखी एकाची. कायमचे आणि हंगामी धरून वॉट्स तिथे सहा प्रशिक्षकांच्या हाताखाली खेळला. दर नव्या माणसाला तो नव्या जागी हवा असे.

वॉट्स नैतानुई नव्हता, हे मी नाकारत नाही. दोघांतून पुन्हा निवडायचं तर मीही नैतानुईच घेईन. तरीही मेलबर्नसाठी १५३ सामने खेळलेल्या माणसाला मी फसलेला म्हणणार नाही. त्याचं शरीर तेव्हा मोडलं नव्हतं, त्याच्यात खेळ नव्हता असंही नाही. त्याच्याभोवतीचं घरच कोसळत होतं आणि सगळे भिंतीऐवजी मुलाकडे बोट दाखवत होते.

२०१७ चा क्वीन्स बर्थडे, पुन्हा एमसीजी, पुन्हा कॉलिंगवुड. शेवटच्या मिनिटांत मेलबर्न मागे, चेंडू वॉट्सकडे. त्याने धावता धावता प्रतिस्पर्ध्याला हुलकावणी दिली आणि गोल मारला. मेलबर्न चार गुणांनी जिंकलं. तो हंगाम संपला आणि त्याच वर्षी क्लबने त्याला पोर्ट अॅडलेडकडे देऊन टाकलं.