एकाच दिवसाचे तीन भाद्रपद

२७ ऑगस्ट २०२५, बुधवार. घरोघरी गणपती आले तो दिवस. पंचांगात त्या दिवशी भाद्रपद शुद्ध चतुर्थी होती. भारत सरकारच्या राष्ट्रीय दिनदर्शिकेप्रमाणे मात्र तारीख होती ५ भाद्रपद. आणि नेपाळात त्याच दिवशी लोक लिहीत होते ११ भाद्र, विक्रम संवत २०८२. महिन्याचं नाव एक, आकडे तीन, आणि तिन्ही बरोबर.

संगणकाला या भांडणाशी देणंघेणं नसतं. त्याच्या पोटात महिने नसतातच. बहुतेक प्रणाली १ जानेवारी १९७० पासून किती काळ लोटला एवढंच मोजतात. दिवसांत सांगायचं तर ती तारीख शून्य धरल्यावर २७ ऑगस्ट २०२५ हा २०,३२७ क्रमांकाचा दिवस. पडद्यावर दिसणारी तारीख हा त्या आकड्यावर चढवलेला पोशाख. पोशाख बदलला तरी आतला आकडा तोच राहतो, म्हणून जगभरची कॅलेंडरं सॉफ्टवेअरमध्ये आणणं वरवर सोपं वाटतं.

काही कॅलेंडरं खरोखरच सोपी आहेत. आपलं राष्ट्रीय कॅलेंडर त्यातलंच. खगोलभौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ते सुचवलं आणि २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र १८७९ ला, ते लागू झालं. वैशाख ते भाद्रपद ३१ दिवसांचे, पुढचे सगळे ३० चे, चैत्र ३० चा आणि लीप वर्षी ३१ चा. चंद्राकडे बघायची गरजच नाही; प्रोग्रामरला दहा-बारा ओळी पुरतात. त्यामुळे तारखांच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘भारतीय’ कॅलेंडर म्हणून वर्षानुवर्षं हेच मिळत आलं. गुढीपाडवा शोधायला ते उघडणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही, कारण त्यातला १ चैत्र दर वर्षी २२ किंवा २१ मार्चलाच येतो.

इथिओपियात वर्षाला तेरा महिने असतात: बारा महिने तीस दिवसांचे आणि शेवटी पाच-सहा दिवसांचा पागुमे. नियम अगदी सरळ, पण ‘महिना १ ते १२’ असं गृहीत धरलेला प्रत्येक फॉर्म तिथे अडखळतो. नेपाळची गंमत याहून वेगळी. तिथला महिना सूर्याच्या संक्रांतीवर चालतो, काही महिने ३२ दिवसांचेही होतात, आणि महिन्यांची लांबी वर्षागणिक बदलते. म्हणून तिथले प्रोग्रामर सूत्राच्या भानगडीत फारसे पडत नाहीत. कुठल्या वर्षी कुठला महिना किती दिवसांचा याचा तक्ताच प्रोग्राममध्ये ठेवून देतात. मला हा मार्ग प्रामाणिक वाटतो. पण ३२ असार (म्हणजे आषाढ) ही तारीख नेहमीच्या डेटाबेसच्या तारखेच्या रकान्यात टाकून पाहा, तो घेणार नाही.

आता आपल्या पंचांगाकडे येऊ. इथे पोशाखाची उपमाच फाटते, कारण तिथी म्हणजे दिवस नव्हे. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. चंद्राचा वेग कमीजास्त होतो, त्यामुळे एखादी तिथी साधारण १९ तासांत आटोपते, तर एखादी २६ तास रेंगाळते. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची, हा ढोबळ नियम. मग एखादी तिथी दोन सूर्योदयांच्या मध्येच सुरू होऊन संपते आणि क्षय पावते, तर एखादी दोन सूर्योदय पाहते आणि तिची वृद्धी होते. चौथीनंतर थेट सहावी, किंवा लागोपाठ दोन पाचव्या, हे ‘आजच्या तारखेत एक मिळवा’ एवढंच येणाऱ्या प्रोग्रामला कसं पटावं? त्यात सूर्योदयाचा नियम सगळीकडे चालतही नाही. गणेश चतुर्थीला मध्यान्ह बघतात, श्राद्धाला अपराह्ण, संकष्टीला चंद्रोदय.

पुढची अडचण मला घरातच भेटली. आजी २००४ च्या अधिक श्रावणात गेली. तिची तिथी चुकू नये म्हणून मी ती तारीख फोनमध्ये ‘दर वर्षी’ या खुणेसह टाकली, आणि फोन इमानेइतबारे जुलैतली तीच तारीख वाजवत राहिला. चूक माझी होती. मी दिवस नोंदवला होता, नोंदवायचा होता नियम. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून सण दर वर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येतात आणि अधिक महिना आला की पुढे उडी मारतात. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला, आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे थेट १४ सप्टेंबरला.

शिवाय अधिक श्रावण काही दर वर्षी येत नाही. २००४ नंतर तो आला २०२३ मध्ये. मग मधल्या वर्षांत काय करायचं? आमच्या गुरुजींकडे उत्तर तयार होतं: त्याच नावाच्या साध्या महिन्यात. हाच प्रश्न चिनी आणि ज्यू कॅलेंडरांतल्या अधिक महिन्यांमुळे सॉफ्टवेअरवाल्यांनाही पडला. कॅलेंडर ॲप ज्या प्रमाणपद्धतीने एकमेकांना नोंदी देतात, तिच्यात २०१५ साली आरएफसी ७५२९ (इंटरनेटच्या नियमांचा एक क्रमांकित दस्तऐवज) ही भर पडली. तिच्यामुळे ‘दर वर्षी’ म्हणजे कुठल्या कॅलेंडरातलं वर्ष हे नोंदीतच सांगता येतं, अधिक महिन्याच्या आकड्यानंतर ‘एल’ हे अक्षर लावता येतं, आणि तो महिना नसेल त्या वर्षी नोंद गाळायची, मागे घ्यायची की पुढे ढकलायची, यातलं एक निवडता येतं. आपल्याकडे अधिक महिना साध्याच्या आधी येतो, म्हणून गुरुजींचं उत्तर यातलं तिसरं.

नियम नीट लिहिला तरी एक रकाना उरतोच. २०२५ ची ती चतुर्थी भारतात २६ ऑगस्टला दुपारी दोनच्या सुमारास लागली आणि २७ ला दुपारी पावणेचारच्या आसपास संपली. क्षण साऱ्या जगाला तोच, पण चतुर्थी संपली तेव्हा अमेरिकेत न्यू जर्सीतल्या घड्याळात २७ ची पहाट, सव्वासहा वाजत होते. म्हणजे तिथल्या २७ तारखेच्या मध्यान्ही चतुर्थी उरलीच नव्हती. ती होती २६ च्या मध्यान्ही. तिथल्या सूर्याप्रमाणे चालणाऱ्यांचा गणपती मंगळवारी बसला आणि पुण्याच्या पंचांगावर चालणाऱ्यांचा बुधवारी. त्यामुळे तिथीची तारीख विचारणाऱ्याला सॉफ्टवेअरने आधी उलट विचारायला हवं: कुठल्या गावची?