गौरींच्या आधीची गोळी आणि अंडाशयातलं घड्याळ

गेल्या भाद्रपदात, गौरी यायच्या आठवडाभर आधी, भाचीचा फोन आला. लग्नानंतरच्या पहिल्याच गौरी, आणि पाळीची तारीख नेमकी पूजेच्या दिवशी. जाऊबाईंनी मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणून ठेवलेल्या. "मावशी, गोळी घेतली की रक्त आतच साठून राहतं का गं?"

नाही, साठत नाही. ते रक्त तेव्हा रक्तवाहिन्यांतूनच फिरत असतं. पण हे नीट कळायला त्या गोळीच्या मागे पंधरा दिवस जावं लागतं. मला या सगळ्या विषयात जे सगळ्यात सुंदर वाटतं, तेही तिथंच घडतं.

शाळेत आपण चार हार्मोन्स शिकतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून एफएसएच आणि एलएच येतात. अंडाशयातून इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन येतात. पियुषिकेच्या वर हायपोथॅलॅमस असतो आणि तो जीएनआरएच नावाचा निरोप खाली पाठवतो. एकूण चित्र असं की मेंदू हुकूम सोडतो आणि अंडाशय ऐकतं. मीही बरीच वर्षं असंच समजत होते.

१९७०च्या दशकात अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठात अर्न्स्ट नोबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऱ्हीसस माकडिणींवर प्रयोग केले. या माकडिणींनाही आपल्यासारखीच साधारण २८ दिवसांनी पाळी येते. त्यांच्या हायपोथॅलॅमसचा जीएनआरएच बनवणारा भाग निकामी केला, तेव्हा पाळी बंद पडली. मग बाहेरून जीएनआरएच सतत, नळ सोडल्यासारखं दिलं. काहीच झालं नाही, पियुषिका गप्पच राहिली. तेच तासातून एकदा, सहा मिनिटं दिलं, तेव्हा एफएसएच आणि एलएच पुन्हा वाहू लागले. निरोप थांबून थांबून, ठोक्याठोक्यानं आला तरच ऐकू जातो, हे १९७८ साली प्रसिद्ध झालं.

खरी गंमत यापुढे आहे. जीएनआरएच सोडणारं यंत्र तासाला एक ठोका देत राहिलं, महिनाभर, काहीही बदल न करता. तरी माकडिणींचं पूर्ण चक्र परत आलं, मध्यावर बीज बाहेर पडलं, पुढे पाळी आली. यंत्राला चौदावा दिवस माहीत नव्हता. मग तो ठरवला कुणी? अंडाशयानं. मेंदूचा ठोका लागतोच, पण महिन्याचं घड्याळ ओटीपोटात आहे.

ते कसं चालतं, हे गच्चीवरच्या टाकीवरून सांगते. टाकीत पाणी वाढलं की फ्लोट वर येतो आणि नळ बंद होतो. चक्राच्या पहिल्या काही दिवसांत इस्ट्रोजेन तसंच वागतं. एफएसएचमुळे अंडाशयात काही पुटिका, म्हणजे बीज पोसणाऱ्या बारीक पिशव्या, वाढू लागतात, त्या इस्ट्रोजेन बनवतात, आणि इस्ट्रोजेन वर जाऊन एफएसएचला आवरतं. एफएसएच कमी पडलं की बहुतेक पुटिका सुकतात. एकच, सगळ्यात तयार असलेली, थोडक्यावर भागवून वाढत राहते.

आता ही एकटी पुटिका भरभर इस्ट्रोजेन ओतू लागते. पाळीच्या सुरुवातीला रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये ते साधारण ४०-५० पिकोग्रॅम असतं. पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. (इतकं सूक्ष्म मोजण्याची रीत शोधल्याबद्दल रोझलिन यॅलो यांना १९७७ साली नोबेल मिळालं. त्याच पारितोषिकाचा दुसरा अर्धा भाग मेंदूतल्या हार्मोन्सच्या शोधासाठी गिय्येमँ आणि शॅली यांना गेला.) ही पातळी २००च्या वर चढते, आणि तिथं दोनेक दिवस टिकली की फ्लोट उलटा फिरतो. टाकी भरली म्हणून नळ बंद व्हायच्या ऐवजी धो धो सुटतो. आतापर्यंत एलएचला दाबून ठेवणारं इस्ट्रोजेनच आता एलएचची लाट उसळवतं. लाट सुरू झाल्यापासून सुमारे ३६ तासांनी पुटिका फुटते आणि बीज बाहेर येतं.

पातळी कमी पडली किंवा पुरेसा वेळ टिकली नाही, तर लाट येत नाही. अर्धवट वाढलेल्या पुटिकेला एवढं इस्ट्रोजेन इतका वेळ पुरवताच येत नाही. म्हणजे 'बीज तयार आहे' ही खबर मेंदूला बीजाच्या घरूनच जाते.

फ्लोट उलटतो कसा? जीएनआरएच बनवणाऱ्या पेशींवर इस्ट्रोजेनचा मुख्य ग्राहक, म्हणजे अल्फा रिसेप्टर, जवळजवळ नसतोच. मधे दुभाषी लागतो, तो म्हणजे किसपेप्टिन नावाचा निरोप बनवणाऱ्या मेंदूतल्याच दुसऱ्या पेशी. उंदरांमध्ये यांचे दोन वेगळे गट आहेत. एकाला इस्ट्रोजेन दाबतं, दुसऱ्याला उठवतं. शिवाय तिथं दिवस-रात्रीच्या घड्याळाचीही संमती लागते, म्हणून उंदरीणीत लाट ठरावीक वेळी, दुपारनंतरच येते. माकडिणीत आणि आपल्यात पियुषिका स्वतःही इस्ट्रोजेनमुळे जास्त हळवी होते, तोच ठोका तिला मोठा ऐकू येतो.

आणि म्हणूनच 'चौदाव्या दिवशी बीज सुटतं' हे सरसकट खरं नाही. पुटिका तयार व्हायला कुणाला बारा दिवस लागतात, कुणाला वीस. बीज सुटल्यानंतरचा काळ मात्र बराचसा ठरलेला, दोन आठवड्यांच्या आसपास असतो. ३५ दिवसांचं चक्र असलेल्या बाईत बीज एकविसाव्या दिवसाच्या आगेमागे सुटतं. पौर्णिमा-अमावास्येशी याची सांगड घालणाऱ्यांनी आणि 'पहिले चौदा दिवस जवस, पुढचे चौदा दिवस तीळ खा, हार्मोन्स बॅलन्स होतील' असं रील्समधून सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. जवसाची चटणी चांगलीच लागते, जरूर खा. पण अंडाशय कॅलेंडर बघत नाही, मग चमच्यांचं वेळापत्रक कशाच्या आधारावर लावायचं?

आता भाचीच्या गोळीकडे. रिकाम्या झालेल्या पुटिकेचा पीतपिंड होतो आणि तो भरपूर प्रोजेस्टेरॉन बनवतो. गर्भाशयाचं अस्तर त्याच्या आधारावर टिकून असतं. गर्भ राहिला, तर तो एचसीजी नावाचं हार्मोन पाठवून पीतपिंडाला जगवतो. घरच्या तपासणीच्या पट्टीवर दिसते ती दुसरी रेघ या एचसीजीचीच. गर्भ नसेल, तर पीतपिंड सुमारे दोन आठवड्यांत विझतो आणि प्रोजेस्टेरॉन घसरतं.

ते घसरल्यावर काय होतं, हे मार्की नावाच्या शास्त्रज्ञानं १९४० साली डोळ्यांनी पाहिलं. त्यानं अस्तराचे बारीक तुकडे माकडिणीच्या डोळ्यात, पारदर्शक पडद्यामागे रुजवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसला. हार्मोन ओसरलं की अस्तरातल्या नागमोडी रक्तवाहिन्या आधी आक्रसतात, रक्तपुरवठा तुटतो, आणि मग अस्तर झडून रक्त येतं. कुठं साठलेलं रक्त बाहेर पडत नाही, आणि त्यात 'अशुद्ध' असं काहीही नसतं. एका पाळीत सरासरी ३०-४० मिलिलिटर रक्त जातं, दोन-तीन मोठे चमचे.

गोळीत नॉरेथिस्टेरॉन असतं. ते प्रोजेस्टेरॉनची जागा घेतं, अस्तराचा आधार सुटत नाही, म्हणून वाहिन्या आक्रसतच नाहीत. त्यासाठी ती तारखेच्या तीनेक दिवस आधी सुरू करावी लागते, झडण सुरू झाल्यावर फारसा उपयोग नाही. गोळी थांबली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. मात्र ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. ज्यांना रक्ताच्या गुठळ्या किंवा यकृताचा आजार झालेला आहे, त्यांना ती धोक्याची ठरू शकते. जावेनं आणली, नणंदेला चालली, हे कारण पुरेसं नाही.

भाचीला मी एवढंच विचारलं, की गोळी तुला हवी आहे का, की घराला? ती थोडा वेळ गप्प राहिली, म्हणाली, "बोलते त्यांच्याशी." मग तिनं विचारलं, "म्हणजे पाळी हा महिन्याचा शेवट झाला ना? मग पहिला दिवस का म्हणतात?"

दिसतो म्हणून. तारीख मोजायला रक्त सोयीचं. प्रत्यक्षात पीतपिंड विझायला लागला की एफएसएचवरचा दाब उठतो आणि ते रक्त दिसण्याच्या आधीच चढू लागतं. 'कावळा शिवला' म्हणून देवघराबाहेर बसवलेल्या बाईच्या अंडाशयात पुढच्या पुटिका तेव्हा वाढायला लागलेल्या असतात.