गप्प बसणं वेगळं, निवणं वेगळं

‘मुलगा स्वभावाने अगदी शांत आहे हो!’ स्थळ सांगताना हे वाक्य हमखास येतं. लग्नानंतर कळतं, शांत कसला, घुमा आहे. शांत काय नि घुमा काय, चढा आवाज दोघांचाही नसतो, म्हणून गल्लत होते.

जेवताना विषय निघतो, गावाला पैसे किती पाठवायचे. तो ‘बरं’ म्हणून भात कालवत राहतो. जबडा आवळलेला, कान लाल, वरणात मीठ नाही हेही कळत नाही. तोंडाला कुलूप, पण आत अ‍ॅड्रिनलिन उसळतंय, छाती धडधडतेय. अमेरिकेत जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हन्सन या मानसशास्त्रज्ञांनी जोडप्यांना नाडी वगैरे मोजणारी यंत्रं लावून वादाच्या विषयांवर बोलायला बसवलं, तेव्हा भिंतीसारखी गप्प झालेली माणसंच (बहुतेक नवरे!) आतून खवळलेली सापडली. गॉटमन यांच्या मते नाडी मिनिटाला १००च्या वर गेली, की समोरच्याचं म्हणणं डोक्यात शिरणंच अवघड.

राग गिळला की निदान दुसऱ्याला तरी त्रास नाही, असं वाटतं. तेही खरं नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अनोळखी बायकांच्या जोड्यांना अस्वस्थ करणारी फिल्म दाखवून त्यावर बोलायला सांगितलं. एकीने भावना चेहऱ्यावर येऊ द्यायच्या नाहीत असं ठरवून दिलं होतं. रक्तदाब वाढला तो समोरचीचा. घरात अबोला असला की पोरांच्याही पोटात गोळा येतो, तो उगाच नाही.

निवणं ही शरीराची क्रिया आहे आणि तिला वेळ लागतो. हृदयाला लगाम घालते ती व्हेगस नस, म्हणजे मेंदूतून येणारा एक मज्जातंतू. श्वास सोडताना तिचा जोर वाढतो, म्हणून लांब उच्छ्वासाने धडधड उतरते. गॉटमन किमान २० मिनिटं थांबायला सांगतात. पण बाल्कनीत जाऊन मनात तेच भांडण घोळवलंत, तर ती २० मिनिटं पाण्यात. आणि जाताना ‘आत्ता डोकं चालत नाहीये, अर्ध्या तासाने बोलू’ एवढं सांगायला हवं. न सांगता उठलात तर तो अबोलाच.

लहानपणी घरात आरडाओरडा सोसलेल्या काहींचं तिसरंच असतं: ती गप्पही नसतात, निवलेलीही नसतात, सुन्न होतात. तिथे समुपदेशक गाठावा.

बाकी, ‘वरणात मीठ टाकायचं राहिलं का गं?’ असं तो साधेपणाने म्हणाला, की पैशांचा विषय पुन्हा काढायला हरकत नाही.