पडवीतला उजेड आणि आजीचं नाक

गेल्या मे महिन्यात गावी आजीचे तीन फोटो काढले. पहिला भर दुपारी अंगणात. त्यात डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे आणि नाकाखाली मिशीसारखी सावली. दुसरा फोन अगदी तोंडाशी नेऊन. तो बघून तिनेच विचारलं, "ही कोण रे बाई?" तिसरा पडवीत, आणि तोच आता घरात भिंतीवर लागलाय. बाई तीच, लुगडं तेच, फोनही तोच.

अंगणातल्या फोटोचा दोष उन्हाच्या प्रखरपणाला देतात. खरं कारण मात्र सूर्य आपल्याला किती लहान दिसतो हे आहे. त्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर, पण अंतर १५ कोटी. त्यामुळे आकाशात तो जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो. इतक्या छोट्या ठिपक्यातून येणारा उजेड एक तर चेहऱ्याच्या एखाद्या भागावर पूर्ण पडतो, नाही तर भुवईच्या आड पूर्ण अडतो. मधली अवस्था जवळपास नाहीच, म्हणून सावलीची कड सुरीने कापल्यासारखी येते. त्यात मे महिन्यात कोकणात सूर्य दुपारी जवळजवळ थेट डोक्यावर, त्यामुळे भुवईची सावली सरळ डोळ्यांत.

आता पडवी बघा. पुढची बाजू दहा-बारा फूट मोकळी, आजी तिच्यापासून चारेक फुटांवर. तिच्या जागेवरून ती मोकळी बाजू शंभर अंशांच्या आसपास पसरलेली दिसते, म्हणजे सूर्याच्या जवळजवळ दोनशेपट रुंद. नाकाने त्यातला डावीकडचा उजेड अडवला तरी उजवीकडचा पोचतोच. सावली पडते, पण कड विरघळलेली. सुरकुत्या दिसतात, ओरबाडल्यासारख्या वाटत नाहीत. शिवाय उतरत्या छपरामुळे वरून येणारा उजेड आपोआप कापला जातो आणि उन्हाने तापलेलं अंगण खालून थोडा परतवतं, त्यामुळे डोळ्यांचे खड्डे भरतात. स्टुडिओवाले मोठ्या छत्र्या आणि पांढऱ्या पेट्या लावून जे करतात, ते आपल्या पणजोबांनी पाऊस अडवायला बांधलेल्या पडवीत फुकट मिळतं. एकच पथ्य: पत्र्याच्या फटीतून उन्हाचा कवडसा चेहऱ्यावर पडू द्यायचा नाही.

खालून येणारा उजेड थोडाच हवा, त्याचंही कारण आहे. लहानपणी हनुवटीखाली बॅटरी धरून भुताचं तोंड कुणी केलं नाही? मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ मध्ये 'नेचर' या विज्ञानविषयक नियतकालिकात दाखवलं होतं, की छायाप्रकाशावरून उंचवटा की खळगा हे ठरवताना आपला मेंदू उजेड वरून येतोय असं गृहीत धरतो. वरची बाजू उजळ असलेलं वर्तुळ त्याला फुगीर वाटतं, खालची उजळ असली तर खोलगट. बॅटरी हे गणित उलटं करते आणि ओळखीचा चेहरा परका होतो.

सरळ समोरून आलेला उजेडही फारसा कामाचा नाही, त्याने चेहरा ताटासारखा सपाट होतो. मी आजीला पडवीच्या तोंडाकडून थोडं वळून बसायला सांगितलं. उजेड बाजूने आणि किंचित वरून आला, की नाकाची सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळते आणि अंधारातल्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक छोटा त्रिकोण उरतो. सतराव्या शतकातल्या डच चित्रकार रेम्ब्रांटच्या चित्रांत तो वारंवार दिसतो, म्हणून फोटोग्राफर त्या प्रकाशयोजनेला त्याचंच नाव देतात. सावलीची बाजू फारच काळी पडली, तेव्हा चुलतभावाला पांढरा पंचा ताणून धरायला लावला. पंचाच्या जागी लाल साडी धरली असती तर गालावर लाली चढली असती, कारण परतणारा उजेड कापडाचा रंग घेऊन येतो. आत जळणारा पिवळा बल्बही विझवला. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; आकडा कमी तितका तो पिवळट, जास्त तितका निळसर. बल्बचा उजेड सुमारे २७०० केल्विनचा, सावलीतला आकाशाचा ७०००च्या वर. दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले की एक गाल नारिंगी, दुसरा निळसर, आणि कॅमेऱ्याला एका वेळी एकच दुरुस्त करता येतो.

मागे माजघराचं काळोखं दार होतं. त्यावर तिचे पांढरे केस उठून दिसले, पण फोन फसला. चौकटीत एवढा काळोख दिसल्यावर त्याने सगळंच उजळायला घेतलं आणि आजीचा सावळा रंग पिठूळ झाला. फोनच्या पडद्यावर तिच्या चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड खाली ओढल्यावर ती पुन्हा आमची आजी झाली. माणसाला गोरं करून देणं म्हणजे चांगला फोटो, ही समजूत काही केल्या जात नाही. माझ्या मुंजीच्या फोटोंत अख्खं खानदान एकाच डब्यातल्या पावडरने रंगवल्यासारखं दिसतं.

राहिलं नाक. लोक लेन्सला दोष देतात, पण खेळ अंतराचा आहे. नाकाचं टोक कानांपेक्षा साधारण १२ सेंटिमीटर पुढे असतं असं धरा. फोन नाकापासून ३० सेंटिमीटरवर असेल तर कान ४२ वर, म्हणजे नाक कानांच्या मानाने १.४ पट मोठं उमटतं. मागे सरकून दीड मीटरवर जा: १५० आणि १६२, फरक उरतो फक्त ८ टक्के. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये असंच गणित मांडलं होतं. १२ इंचांवरून घेतलेल्या सेल्फीत नाकाची रुंदी सुमारे ३० टक्के जास्त भासते, असं त्यात निघालं. तेव्हा चार पावलं मागे जा आणि झूम करा. चेहऱ्याचं प्रमाण अंतराने ठरतं, झूम फक्त चौकट कापतो.

चौकटीचा विषय निघालाच आहे, तर तिचे आडव्या रेषांनी तीन भाग करून डोळे वरच्या रेषेवर ठेवा हा नियम सगळे सांगतात. नियम वाईट नाही, डोक्यावर रिकामं छप्पर ठेवायची सवय त्याने मोडते. पण दृष्टीचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ क्रिस्टोफर टायलर यांनी १९९८ मध्ये गेल्या सहा शतकांतली व्यक्तिचित्रं मोजली, तेव्हा चित्राच्या उभ्या मध्यरेषेजवळ बहुतेक वेळा एक डोळा सापडला. नाक नव्हे, दोन डोळ्यांमधली जागाही नव्हे, एक डोळा. चित्रकार हे ठरवून करत की हात आपसूक तिथे जाई, यावर वाद झाले. मी करून पाहिलं. आजीचा उजेडाकडचा डोळा मधोमध घेतला आणि ती बघत होती त्या बाजूला जागा मोकळी सोडली. डोक्यातून उगवल्यासारखी दिसणारी खुंटी टाळायला एक पाऊल डावीकडे सरकलो. या एका पावलाने जितके फोटो वाचतात तितके कुठल्याही नियमाने वाचत नसतील.

भिंतीवर लावण्याआधी तो डोळा मोठा करून पाहिला. डोळ्याचा पारदर्शक पडदा म्हणजे जेमतेम आठ मिलिमीटर त्रिज्येचा बहिर्वक्र आरसा, समोरचं सगळं त्यात बारीक होऊन मावतं. आजीच्या बुबुळावर पडवीचा उजळ आयत होता, मधे दोन खांबांच्या रेघा, आणि त्यांच्यामध्ये फोन धरून वाकलेला एक काळा ठिपका. पंचा धरलेला भाऊ मात्र नीट शोधूनच सापडला.